तोंड सोडून

नोल्बेर्तोनं शेताच्या कोपऱ्यातला दगड बाजूला केला आणि त्याची आई हुस्ता खड्ड्याशी गुडघे टेकून बसली. ऑगस्टची पहिली सकाळ. धरित्रीचं हे तोंड वर्षातून याच दिवशी उघडायचं, तिला जेवू घालायचं, पुन्हा झाकायचं. गेल्या वर्षीचं जेवण तोवर मातीत विरून गेलेलं असतं. तळाशी उरतं काळं, भुसभुशीत, ओलसर वासाचं काहीतरी. हुस्ताची आई त्याला धरित्रीचा ढेकर म्हणायची.

हुस्तानं हात आत घातला. लागलं ते मक्याचं कणीस. दाणे जागच्या जागी. मग एक बटाटा, सुरकुतलेला, पण अख्खा. मग कोकाची पानं, नुसती फिकी पडलेली. तिनं चिमूटभर माती नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता.

डफ घेऊन उभ्या असलेल्या तिच्या विहिणीनं, सोइलानं, वाकून पाहिलं. "अगं बाई! गेल्या वर्षी मीठ विसरलात की काय विहीणबाई? धरित्रीआईनं पान तसंच टाकलंय."

जमलेल्यांत हसू फुटलं. हुस्ता हसली नाही.

"नोल्बेर्तो, या शेतात काय घालतोस तू?"

"काय म्हणजे? मुळं खाणाऱ्या किड्याचं औषध. सगळेच घालतात. वरून प्लास्टिक अंथरायचं, खाली धूर सोडायचा. मेला ना किडा?"

"मेला."

"मग! आणि तुझ्या या जागेला धक्का नाही लावला हं मी. दगडाभोवती चांगलं हातभर राखलं. आईचं तोंड सोडून मारलं." हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती.

"तोंड सोडलंस, बाळा," हुस्ता हळूच म्हणाली. "पोटात मारलंस."

औषधाच्या पहिल्या वर्षी गाजरं मनगटाएवढी निघाली होती. यंदा बोटाएवढी, तीही फाटलेली. जमीन एवढीच, आणि सून पोटुशी. म्हणून तर हुस्तानं काल दिवसभर मका आणि सुकं मांस शिजवलं होतं, घरातली सगळी चिचा, मक्याची आंबवलेली दारू, घागरीत ओतून आणली होती. यंदा आईला पोटभर वाढायचं आणि पदर पसरायचा, असं तिनं ठरवलं होतं.

"नदीकाठची माती आणून टाकतो," नोल्बेर्तो म्हणाला. "चार गाड्या. जिवंत माती."

"नदीकाठी कुणाची शेतं आहेत?"

"मामाची."

"मामा काय घालतो?"

प्लास्टिकची गुंडाळी गेल्या वर्षी नोल्बेर्तोनं मामाकडूनच तर आणली होती.

"अहो जावईबापू, उभे काय राहिलात? घागर द्या की तिला!" सोइलानं डफावर थाप मारली आणि गळा मोकळा सोडला. खा गं आई, पी गं आई, तुझंच तुला वाढलंय. बायकांनी ओळ उचलली. कापरे आवाज, चिरके आवाज, सगळे एक होऊन डोंगराला लागले आणि परत आले. दरवर्षी या ओळीला हुस्ता दोन्ही हातांनी भांडं उपडं करायची.

आज तिनं अन्नाचं भांडं बाजूला सारलं. जुनं कणीस होतं तिथेच परत ठेवलं. घागरीत दोन बोटं बुडवली आणि खड्ड्याची कड ओली केली. पुन्हा बुडवली, पुन्हा फिरवली. हलक्या हातानं, थेंब आत ओघळणार नाही अशी.

बायकांचे आवाज एकेक करून थांबले. सोइलाचा हात डफावर तसाच राहिला.

नोल्बेर्तोनं तो हात ओळखला. वडिलांना गिळवेनासं झालं तेव्हा त्यांच्या ओठांवरून तो असाच फिरला होता.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली.