राडेनला ऊब हवी

“आबा, ती खिडकी लावा आधी. गारठून मरेल तो!”

नेन्देनने काचेची पेटी जपून टेबलावर ठेवली. आत अजगराचं पिल्लू वेटोळं घालून पडलं होतं. लेम्बांगच्या डोंगरावरची थंडी तिच्या वडिलांच्या अंगवळणी पडलेली. या पाहुण्याला मात्र ती सोसणारी नव्हती.

“जाकार्तात घरमालक साप ठेवू देत नाही. थोडे दिवस तुम्ही सांभाळा,” ती म्हणाली. “पेटीची एक बाजू गरम, एक जरा गार. आणि खोलीही उबदार हवी, नुसत्या दिव्यावर भागत नाही.” तिने खोक्यातून नवा हीटर काढला.

मागे तिने पाठवलेला असाच एक हीटर आबांनी परत पाठवला होता. “मी काय उबवायचं अंडं आहे?” म्हणाले होते. बायको गेल्यापासून त्या गारठ्यात एकटेच खोकत बसायचे.

“ह्याच्यासाठी ना? मग लाव बाई,” आबा म्हणाले. “राजपुत्रच आलाय म्हणायचा!”

तेच नाव पडलं. राडेन, म्हणजे राजपुत्र.

आबा कामाला लागले. दारांच्या फटी बुजवल्या, पेटीत झाडाची साल अंथरली, लपायला अर्धी करवंटी पालथी घातली. ऊब बरोबर आहे ना, हे पाहायला खुर्चीही हीटरजवळ ओढली आणि दिवस दिवस तिथेच बसू लागले. हळूहळू खोकला कमी झाला.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. “नेन्देन, राडेन काही खात नाही गं.”

रविवारी ती पहिल्या गाडीने आली. येताना बाजारातून पांढरा उंदीर आणला, चिमट्यात धरून राडेनपुढे नाचवला. राडेनने तोंड फिरवलं.

“करवंटी मोठी होतेय त्याला,” मैत्रिणीला फोनवर विचारून ती म्हणाली. “अडचणीच्या जागेत सापाला निर्धास्त वाटतं म्हणे.”

दोघांनी मिळून पेटी पुन्हा लावली. दिवा खाली घेतला, ओलं शेवाळ घातलं. नंतर भात, सुकी मासळी आणि झणझणीत साम्बाल चटणी. आबांनी दोनदा भात मागून घेतला.

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही.

“तब्येत तर चांगली दिसते याची,” नेन्देन म्हणाली.

“वरून दिसतं गं. आतून खंगलाय तो,” आबांनी सुस्कारा सोडला.

निघताना फाटकाशी शेजारचे ओयोन भेटले. तिने इकडेतिकडे पाहिलं. “काका, कुणाला सांगू नका. साप माझा नाहीच, मैत्रिणीकडून मागून आणलाय. आबा स्वतःसाठी हीटर लावेनात, म्हणून ही युक्ती! पण आता हा उपाशी मेला तर तिला काय तोंड दाखवू? पुढच्या रविवारी डॉक्टरलाच घेऊन येते.”

ओयोन हसू दाबत आत गेले. आबा राडेनला गळ्यात घेऊन हीटरपाशी बसले होते.

“काय दादा, अजून उपासच का याचा?”

“छे रे! दर गुरुवारी चांगला गलेलठ्ठ उंदीर गिळतो,” आबा म्हणाले. “पण हळू बोल. हे कळलं, तर पोरगी रविवारची येईल कशाला?”