दिवे मालवल्यावर

बोरामने सासऱ्याच्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा बसवला आणि आवळत तर नाही ना, हे बोट घालून पाहिलं. म्हातारा दोकसू मान वर करून मुकाट उभा होता. गुहेच्या तोंडातून गार वारा येत होता.

“बघा गं,” मागून शेजारची बुनरे म्हणाली. “माझ्या सुनेला सहलीला चल म्हटलं, तर म्हणाली, आई, माझे गुडघे दुखतात. सत्तरी माझी आणि गुडघे तिचे.”

बायका हसल्या. किनाऱ्यावरच्या त्या गावातल्या म्हाताऱ्यांची ही अर्ध्या दिवसाची सहल होती. गुहेत पायऱ्या फार, म्हणून प्रत्येकाने शक्यतो सोबतीला घरचं माणूस आणायचं होतं. दोकसूच्या घरात बोरामशिवाय माणूस नव्हतं. त्याचा मुलगा ग्यूहो माकूळ धरायला बोटीवर गेला तो परतलाच नाही. बोटही सापडली नाही. बोराम माहेरी गेली नाही, सासऱ्याच्या घरातच राहिली.

“अशी सून दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही, भाऊजी,” बुनरे म्हणाली. “नवरा गेला तरी घर धरून आहे पोर.”

बोरामने नुसतं हसल्यासारखं केलं. आज तिला सासऱ्याला एक गोष्ट सांगायची होती. घरी ग्यूहोच्या फोटोखाली बसून सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. सहलीत, चार माणसांत, जेवताना सांगून टाकू, असं ठरवून ती आली होती. बसमध्ये मनात वाक्यंही जुळवली होती. बुनरेच्या त्या कौतुकाने ती वाक्यं पार विस्कटली.

गाइड पोरगी चुणचुणीत होती. कमरेला छोटा स्पीकर, हातात बॅटरी. लोखंडी पायऱ्या ओल्या होत्या आणि खाली काळोखात नदीचा आवाज येत होता. बोराम दोकसूच्या कोपराला धरून चालली होती. छतातून दगडाचा एक सुळका खाली उतरला होता, त्याच्याखाली जमिनीतून दुसरा वर आला होता. दोघांत वीतभर अंतर होतं.

“हे दोघं एकमेकांना भेटायला अजून काही हजार वर्षं लागतील,” गाइड म्हणाली.

“एवढं कोण थांबतं, बाई?” बुनरे म्हणाली. पुन्हा सगळे हसले. दोकसू हसला नाही. त्याने एकदा सुनेकडे पाहिलं आणि पुढची पायरी चाचपली.

सगळ्यात मोठ्या दालनात गाइड थांबली. “आता मी मिनिटभर सगळे दिवे बंद करणार आहे. खरा अंधार कसा असतो ते बघा. कुणी हलायचं नाही. शेजारच्याचा हात धरा.”

दिवे गेले. डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना. कुणीतरी खोकलं. मग फक्त पाण्याचा आवाज राहिला.

“बोराम,” दोकसू अगदी हळू म्हणाला.

“इथंच आहे, बाबा.”

“त्या निळ्या टेम्पोवाल्याला म्हणावं, कोपऱ्यावर सोडू नकोस. दारापर्यंत सोडत जा. परवा भिजून आलीस.”

बोरामने हात काढून घ्यायला पाहिलं, पण म्हाताऱ्याने तो घट्ट धरला होता.

“माणूस बरा आहे?”

“बरा आहे.” आणि जरा थांबून, “बाबा, मी आज तुम्हाला सांगणारच होते.”

“हं. मग आता कर लग्न. आणि यंदापासून ग्यूहोच्या श्राद्धाला येऊ नकोस.”

“असं का बोलता? रागावलात?”

“रागावलो नाही. दर वर्षी इथं येऊन रडत बसलीस, तर त्या घरात तुझा पाय रुजायचा नाही. त्या माणसालाही काय वाटेल.”

“मग श्राद्धाला ग्यूहोचं ताट कोण वाढणार?”

“मी आहे ना.”

तिला पुढे काही बोलायचं होतं. तेवढ्यात दिवे लागले. लोक डोळे चोळत होते, एकमेकांकडे बघून हसत होते. दोकसू समोरच्या भिंतीकडे बघत होता, रोजच्यासारखाच, ओठ घट्ट मिटून. मग त्याने तिचा हात सोडला आणि कठडा धरला. परतीच्या पायऱ्या तो एकट्यानेच चढला.

जेवणात बटाट्याचं सूप होतं. सांगायचं ते सांगून झालं की मोकळं वाटेल, असं बोरामला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. तिने दोन घास खाल्ले आणि वाटी सरकवून ठेवली. दोकसूने ती पुन्हा तिच्यापुढे ढकलली. “खा. गार होईल.”

बस सुरू झाल्यावर तिने डोळे मिटून डोकं काचेला टेकलं. ती झोपली असेल असं समजून दोकसू पुढच्या सीटवर वाकला.

“वहिनी, तांदळात पाणी किती घालायचं?”

“आता या वयात स्वयंपाक शिकताय का?” बुनरे मागे वळून म्हणाली. “सून आहे की घरात.”

“सांगा तर.”

बुनरेने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग काचेला टेकलेल्या बोरामकडे पाहिलं. पुढची थट्टा तिने केली नाही.

“मोजायचं नसतं, भाऊजी,” ती म्हणाली. “धुतलेल्या तांदळावर हात सपाट ठेवायचा. हात बुडेल एवढंच पाणी.”

दोकसूने मान हलवली. मागे टेकून बसला, आपला पंजा मांडीवर सपाट ठेवला, आणि गाव येईपर्यंत तो उचलला नाही.