फौजदाराची आई

राजाच्या कैदेतून पळालेली चेटकीण पोरगी बोळात फौजदाराच्या तावडीत सापडणार, तोच तिने वळणाआड झटकन त्याच्याच आईचं रूप घेतलं. "मेल्या, आजही डबा विसरलास ना!" म्हणत तिने त्याचा कान पिळला. तो गुमान तिला घरी सोडायला गेला.

दार खऱ्या आईने उघडलं. हातात पळी, मागे खरकट्या भांड्यांचा ढीग.

फौजदाराने बेड्या काढल्या खऱ्या, पण घालायच्या कुणाला? "बऱ्या बोलाने सांगा, तुमच्यातली चेटकीण कोण?"



खऱ्या आईने हातातली पळी पोरीच्या हातात कोंबली आणि मनगटं पुढे केली. "मीच ती! चल, कोठडीत दोन वेळा आयतं जेवायला तरी मिळेल."