विनातक्रार

"मॅडम, ह्यात दुखणं दिसतं का?" कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत शबानानं हळूच विचारलं.

"दुखणं नाही दिसत," दानेश्वरी मॅडम म्हणाल्या. "हाड हाडाला कुठं अडतं, ते दिसतं."

शबानानं मान खाली घातली. शेजारच्या खुर्चीत तिची सासू मदिनाबी एका बाजूला कलून, बुरख्याची कड सारखी करत बसली होती. एकदाचा होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष, असा तिचा चेहरा.

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दानेश्वरी मॅडम खुब्याच्या सांध्याची मॉडेलं बनवत. एमआरआयवरून कॉम्प्युटरवर हाड उभं करायचं आणि मग ते हलवून, वाकवून बघायचं. परदेशातून आलेली मॉडेलं खुर्चीतून उठायची, जिना चढायची, सायकलसुद्धा चालवायची. मांडी घालणं मात्र त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. म्हणून मॅडम विडी वळणाऱ्या बायकांच्या मागे लागल्या. मांडी घालून, त्यावर पानं-तंबाखूचं सूप घेऊन दिवसभर बसणाऱ्या बायका सोलापुरात नाहीत तर कुठं मिळणार?

शबाना त्यांच्याकडे आली ती तक्रार घेऊन. ईद झाली आणि तिनं सूप बाजूला सारलं. मांडी घातली की उजव्या खुब्यात कळ येते, म्हणाली. उभ्याचं काम जमेल, चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला बायका घेतायत, तिथं जाते, म्हणाली. मदिनाबीनं कपाळावर हात मारून घेतला.

"बसून विड्या वळाय खुबा दुखतोय, आन् बसमदनं चिंचोळीला जायाला न्हाय दुखत व्हय?" गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "कटाळा आलाय म्हन की सरळ. कामचुकार!"

गल्लीला काय, निमित्तच हवं असतं. नळावर शबाना दिसली की बायका लंगडत चालून दाखवत आणि तोंडाला पदर लावून हसत. नवरा बिलाल आईचं ऐकताना मान डोलवायचा, बायकोचं ऐकतानाही डोलवायचा. त्याला तेवढंच जमायचं. शेवटी मदिनाबीनंच अट घातली. मशीन म्हणेल ते खरं. खुबा खराब निघाला तर शबानानं खुशाल चिंचोळीला जावं. चांगला निघाला तर मुकाट्यानं सूप मांडीवर घ्यावं आणि पुन्हा तोंड उघडू नये.

सासू-सून एमआरआयला गेल्या तेव्हा मॅडमना तुलनेसाठी तक्रार नसलेल्या बायकाही हव्या होत्या. मदिनाबी लगेच पुढं झाली.

"माजा खुबा घ्या की. कळाय लागल्यापासनं मांडीवर सूप हाय. कदी रडले न्हाय."

"काही तक्रार?"

"माजी न्हाय बाई कसली तक्रार," मदिनाबी ठसक्यात म्हणाली आणि तिनं सुनेकडं बघितलं. मॅडमनी तिला विनातक्रार बायकांत घातलं.

आज निकाल होता. पडद्यावर नावं नव्हती, शेजारी शेजारी दोन उजवे खुबे होते. मॅडमनी पहिल्याला मांडी घालायला लावली. तेल घातलेल्या कडीसारखा तो वळला. मग दुसरा. तो अर्ध्यातच अडला. मांडीच्या हाडाला एका जागी उंचवटा होता, तो खोबणीच्या कडेवर जाऊन आदळत होता. आदळेल तिथं लाल डाग उमटला. "आता सुपाचा भार देऊ आणि पुढं वाकवू," मॅडम म्हणाल्या. डाग पसरत पसरत सगळी कड लाल झाली.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. "आलेच," म्हणत त्या बाहेर गेल्या.

मदिनाबीची नजर त्या लाल कडेवरून हलेना. तिचा ठसका कुठल्या कुठं गेला.

"शबाना, असला खुबा घिऊन तू बसत व्हतीस? आन् मी गल्लीत तुजा तमाशा केला!" तिनं सुनेचे दोन्ही हात धरले. "मला माफ कर, बेटा. उद्याच जा चिंचोळीला. नळावर मी सोता सांगते समद्यांना, माजं चुकलं म्हनून. लई शरम वाटतीय बग माजी मलाच."

सबंध आयुष्यात मदिनाबीनं कुणाची माफी मागितली नव्हती. नवऱ्याचीसुद्धा नाही. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

हेच ऐकायला शबाना किती दिवस आसुसली होती. पण आता ऐकवेना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं वाटायला लागलं.

"नका ना, अम्मी," ती कशीबशी म्हणाली. "अम्मी, मी..."

दार उघडून मॅडम आत आल्या. खुर्ची ओढून मदिनाबीसमोर बसल्या.

"मदिनाबी, तुम्हाला हाडाच्या डॉक्टरांना दाखवायला लागेल. हा लाल झालेला खुबा तुमचा आहे."

"माजा?"

"तुमचाच. मांडी घातल्यावर दुखत नव्हतं का कधी?"

"दुखतंच की," मदिनाबी गोंधळून म्हणाली. "बसलं की दुखनारच. त्याची काय तक्रार करायची? समद्यांनाच दुखतं."

"सगळ्यांना नाही दुखत. हा पहिला शबानाचा. बघा, कुठंच अडत नाही."

मदिनाबी त्या पहिल्या खुब्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं सुनेकडं तोंड वळवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं विचारलं,

"म्हंजे न दुखता बी बसता येतं व्हय गं?"