हिरवा कंचा

लकडगंजातल्या लाकूडबाजारात, सागाच्या ओंडक्यांमागे उन्नतीने एक पत्र्याचा डबा लपवला होता. खेळाचा नियम साधा होता. मोबाइलवरच्या खुणेवरून डबा शोधायचा, आतली वस्तू घ्यायची आणि तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची.

तिने ठेवलेला हिरवा कंचा, म्हणजे काचेची गोटी, दोनदा डब्याबाहेर, मातीत सापडला. पहिल्या वेळी डब्यात कबुतराचं पीस होतं. दुसऱ्या वेळी टपरीवरच्या कुत्र्याचा पट्टा. त्या दिवसापासून कुत्रा कोणालाच दिसला नव्हता.

आज मात्र उन्नती इरेला पेटली होती. भर दुपारी कंचा आत टाकून तिने झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली आणि डबा मांडीवर घेऊन बसली.

"चाल ना वं, कोणी नाही येऊन राहिलं," शेजारच्या ओंडक्यावर बसलेला तिचा मित्र अश्विन चष्मा पुसत म्हणाला.

"तुले जायचं तर जा. आज कंचा बाहेर फेकणाऱ्याले पकडल्याबिगर मी हालत नाही."

तिने डबा हलवून पाहिला. कंचा वाजलाच नाही.

तिने चिकटपट्टी ओरबाडून काढली. आत चष्मा होता. काचेवरची श्वासाची वाफ अजून विरत होती.

"अश्विन..." तिने मान वळवली.

रिकाम्या ओंडक्यावरून हिरवा कंचा हळूहळू तिच्याकडे घरंगळत येत होता.