घरचा प्रिंटर

खोक्यातून प्रिंटर निघाला आणि कल्पिताचा चेहरा पडला. तिचा नवरा अल्पेश वायरी जोडण्यात दंग, त्याला काय दिसणार!

"बघ गो, माझ्या पोरानं काय आनलान तुझ्यासाठी," सासूबाई, ठमाबाई, फुलून म्हणाल्या. "आता तुला बाजारान जावाला नको. त्या रस्त्यावर मेले कंटेनरचे ट्रेलर. तू येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो."

खोटं नव्हतं त्यांचं. पण घरी बनवायच्या शुभेच्छापत्रांसाठी चित्रं छापून आणायला दर बुधवारी उरणला जायचं, एवढंच कल्पिताचं घराबाहेरचं जग. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी असली की ती समोर उसाचा रस पीत उभी राहायची. तेवढा वेळ ती कोणाची सून नसायची. बाकी आठवडाभर हे घर, हे टेबल आणि खिडकीतून दिसणारी कंटेनरची रास.

पहिला प्रिंट आला. पाठीला दप्तर लावून निघालेली मुलगी, नुसत्या काळ्या रेघांची. रंग कल्पिताने भरायचे. तिने ब्रश पाण्यात बुडवला, जरा जास्तच बुडवला, आणि फ्रॉकवर गुलाबी टेकवला. काळी रेघ फुटली. बघता बघता फ्रॉक काळवंडला. कल्पिताला असा काही आनंद झाला, की तो लपवायला तिला खाली बघावं लागलं.

"अहो, ही शाई पाण्यात पसरते. दुकानातली नाही पसरत. मला उरणलाच जावं लागणार."

"थांब, थांब." अल्पेश कसला हार मानतोय! मोबाइलवर शोधशोध शोधलं आणि ओरडला, "अगं, प्रिंटवर इस्त्री फिरवायची! शाई पक्की होते."

हे कल्पिताला केव्हाच ठाऊक होतं. पण इस्त्रीचं नाव तिने मुद्दामच काढलं नव्हतं.

ठमाबाई लगबगीने इस्त्री घेऊन आल्या. दुसऱ्या प्रिंटवर रुमाल टाकून अल्पेशने ती फिरवली. कल्पिताने पुन्हा ब्रश भिजवला, पाणी निथळेपर्यंत. पसर ना गं बाई, ती मनातल्या मनात विनवत होती. रेघ जागची हलली नाही.

"झाला क नाय काम!" ठमाबाईंनी टाळी वाजवली.

मग काय, रंगवणं आलंच. कल्पिताने गालांवर सावली दिली, डोळ्यांत पांढऱ्या पेनाचे ठिपके दिले, दप्तराच्या बक्कलवर चमकी लावली. मुलगी कडेकडेने कापली, मागे फोमची जाड टेप लावली आणि कार्डावर दाबून बसवली.

अल्पेशने कार्ड तिरपं करून पाहिलं. खूश होऊन म्हणाला, "अगं, ही तर खरंच बाहेर निघाल्यासारखी वाटते!"

"वाटते नुसती," कल्पिता म्हणाली. "मागून चिकटवलीय."