धबधब्याचा आवाज

ताईचा व्यवसायच कान तपासण्याचा. त्यामुळे धबधब्यावरून उतरताना धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आवाज कमी का होत नाहीये गं?" तेव्हा ती हसली.

"तासभर त्याच्याखाली बसलो ना, कानात भरलाय तो. पेशंटना रोज हेच सांगते. जाईल आपोआप."

दीड तासाने ते पायथ्याशी आले. धबधबा केव्हाच डोंगराआड गेला होता, आवाज मात्र तेवढाच होता. गाडीच्या काचा वर केल्या, तरी तेवढाच.

भावाने कानांत बोटं घातली आणि चमकून पाहिलं. "बोटं घातली की थांबतो!"

कानातला आवाज असा थांबत नसतो, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिने स्वतः करून पाहिलं. थांबला.

"घरी जाऊन बघू," ती ठामपणे म्हणाली आणि साठ किलोमीटर न थांबता गाडी चालवली.

दुपारी चारला आईने दार उघडलं. तिचे ओठ हलले, पण शब्द पोचेनात. मग तोंडाशी हात धरून ती ओरडली,

"आधी दार लावा! तुमच्यामागून केवढा आवाज येतोय!"

ताईने आत येऊन दार घट्ट लावलं.

आवाजही आत आला होता.